एव्हरेस्टवरचा स्टोव्ह

मे १९५२. एव्हरेस्टच्या आग्नेय धारेवर, सुमारे ८४०० मीटर उंचीवर तेनझिंग नोर्गे आणि स्विस गिर्यारोहक रेमंड लाम्बेर यांनी एक रात्र काढली. तंबू होता, पण स्लीपिंग बॅग नव्हत्या, स्टोव्हही नव्हता. मेणबत्तीवर बर्फ वितळवून घोटभर पाणी मिळालं. दुसऱ्या दिवशी ऑक्सिजनची यंत्रणाही नीट चालेना. शिखर सुमारे २५० मीटर उरलेलं असताना दोघं परतले.

पुढच्या वर्षीच्या ब्रिटिश मोहिमेत ग्रिफिथ प्यू हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. उंचीवर धापा टाकताना श्वासावाटे शरीरातलं पाणी भराभर जातं, म्हणून भरपूर प्या, असा त्यांचा आग्रह होता. प्यायचं तर आधी बर्फ वितळवायला हवा. शेवटच्या कॅम्पमध्ये हिलरी आणि तेनझिंग लिंबू-साखरेचं गरम पेय पोटभर प्यायले. २९ मे १९५३च्या पहाटे हिलरींचे गोठून कडक झालेले बूटही स्टोव्हवरच मऊ केले. मग दोघं शिखराकडे निघाले.

तो स्टोव्ह म्हणजे प्रायमस. १८९२च्या सुमारास स्टॉकहोममध्ये फ्रान्स लिंडक्विस्ट यांनी तो बनवला. टाकीत रॉकेल भरायचं आणि पंपाने हवा दाबायची. तापलेल्या नळीत रॉकेलची वाफ होते आणि ती बारीक छिद्रातून बाहेर पडून जळते. वात नाही, त्यामुळे काजळी जवळपास नाही. आजीच्या स्वयंपाकघरातला, पिन मारावी लागणारा भर्रर्र आवाजाचा स्टोव्ह याच घराण्यातला.

हिवाळी ट्रेकसाठी स्टोव्ह निवडताना मला यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: दाब येतो कुठून? ब्यूटेन उणे ०.५ अंशाला उकळतो. त्याहून थंडीत त्याच्या डब्यात दाबच उरत नाही. प्रोपेन मिसळला की थोडं निभावतं. प्रायमसमधला दाब मात्र आपल्या हाताने तयार होतो.

पण चांगला स्टोव्ह पुरेसा नसतो. १९१२मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतणाऱ्या स्कॉट यांच्याकडेही प्रायमसच होता. वाटेतल्या साठ्यांवर रॉकेल मात्र अपेक्षेपेक्षा कमी निघालं. डब्यांच्या बुचांचे चामडी वॉशर थंडीत निकामी होऊन तेल उडून गेलं, असं मानलं जातं. अमुंडसेन यांनी आपले डबे डाख देऊन बंद केले होते.

म्हणून दुकानात मी स्टोव्ह पेटवून बघायच्या आधी इंधनाच्या बाटलीचं बूच उघडून त्याचा वॉशर बघतो.