घुग्घुसचे तेलुगू खाण कामगार : तीन पिढ्यांचा संसार
घुग्घुस : चंद्रपूरपासून सुमारे २५ किलोमीटरवर, वर्धा नदीच्या काठी वसलेले घुग्घुस ‘कोळसानगरी’ म्हणून परिचित आहे. मराठी व गोंडी भाषकांच्या या गावात तेलुगू तितक्याच सहजपणे कानावर पडते. त्याचे मूळ कोळशाच्या इतिहासात आहे.

जिल्ह्यात वरोरा येथे १८७१ मध्ये सरकारी कोळसा खाण सुरू झाली व १९०६ मध्ये ती बंद पडली. त्यानंतर बल्लारपूर, घुग्घुस परिसरातील खाणींचे महत्त्व वाढत गेले. भूमिगत खाणीतील जोखमीच्या कामासाठी शेजारच्या करीमनगर, आदिलाबाद भागांतून मजूर आले. छत्तीसगड, उत्तर प्रदेश, बिहारमधूनही कामगार आले. आधी आलेल्या नातलगाने किंवा गावकऱ्याने नव्याला आसरा द्यावा, काम मिळवून द्यावे, अशी रीत होती.

१९७३ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स अर्थात ‘वेकोलि’ची स्थापना झाली. ठेकेदाराच्या मर्जीवरील मजूर वेतन करार, भविष्य निर्वाह निधी व क्वार्टरचा हक्कदार झाला. सेवेत असताना कामगाराचा मृत्यू झाल्यास वारसाला नोकरी देण्याच्या तरतुदीने अनेक घरांत दुसरी पिढीही खाणीत उतरली.

घराचे वेळापत्रक पाळीवर चालते. रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपलेला असताना मुलांना सांभाळण्यापासून पगार पुरविण्यापर्यंतचा भार गृहिणी वाहते. १९५२ च्या खाण कायद्याने स्त्रियांना भूमिगत कामास मज्जाव केला होता. ती अट २०१९ मध्ये शिथिल झाली. मुले मराठी वा हिंदी शाळेत शिकतात, घरी आजीशी तेलुगूत बोलतात. भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस चालणाऱ्या बतुकम्मा उत्सवात कुरडू, तरवड व झेंडूच्या फुलांची उतरंड रचून स्त्रिया फेर धरतात. शेजारच्या मराठी महिलाही त्यात सामील होतात.

मात्र या स्थैर्याला तडे जात आहेत. भूमिगत खाणींची जागा खुल्या खाणींनी व अवजड यंत्रांनी घेतली. कायम कामगार घटले, कंत्राटी वाढले. तिसऱ्या पिढीला वडिलांसारखी नोकरी मिळण्याची शाश्वती राहिली नाही. सेवानिवृत्तीनंतर क्वार्टर सोडावे लागते आणि मूळ गावी शेत वा घर उरलेले नसते. त्यामुळे अनेकांनी निवृत्तीची रक्कम घुग्घुसमध्येच घर बांधण्यात गुंतविली.

ती जमीन तरी भक्कम आहे काय, हा प्रश्न २६ ऑगस्ट २०२२ रोजी उभा राहिला. त्या दिवशी आमराई वॉर्डातील एक घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. घरातील माणसे वेळीच बाहेर पडल्याने प्राणहानी टळली. परिसरातील कुटुंबांना घरे रिकामी करावी लागली. या वस्तीखाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी आहे. कोळसा काढल्यावर पोकळीत वाळू नीट भरली गेली नाही, तर वरचा थर अनेक वर्षांनीही खचू शकतो.

म्हणूनच पुनर्वसनाचा प्रश्न केवळ पर्यायी भूखंडाचा नाही. कोळशामागे येथे आलेल्या व मूळ गावाकडची वाट मिटलेल्या कुटुंबांसाठी घुग्घुस हेच आता गाव आहे.