घटसर्प : नावातला सर्प

नवी मुंबईतील आमच्या वर्गात ‘घटसर्प’ हा शब्द निघाला, तेव्हा गावाकडून आलेल्या विद्यार्थ्यांनी तो गुरांचा रोग म्हणून ओळखला. शहरातल्यांना तो ठाऊकच नव्हता. पावसाळ्याच्या तोंडावर गाई-म्हशींना ज्याची लस टोचतात तो घटसर्प आणि मुलांचा गळा कोंडणारा घटसर्प यांचे जंतू वेगळे आहेत. मराठीने मात्र सुजलेला गळा आणि अडकलेला श्वास पाहून दोहोंना एकच नाव दिले.

‘डिप्थेरिया’ हे नाव १८२६ साली फ्रेंच वैद्य ब्रेतोनो याने योजलेल्या, ‘चामडे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले. घशात धरणाऱ्या करड्या, चिवट पापुद्र्यावर त्याची दृष्टी होती. आपल्या ‘सर्प’मागे ‘सृप्’, म्हणजे सरपटणे, हा धातू आहे. पसरत जाणाऱ्या त्वचारोगाला आयुर्वेदात ‘विसर्प’ म्हणतात, तो याच अर्थाने. पण सर्प म्हटला की विष आलेच, आणि रोगाचे मर्मही तेच ठरले. १८८४ साली लोफ्लरने जंतू वेगळा काढला. तो सहसा घशातच राहतो. मग हृदय आणि मज्जातंतू का निकामी होतात? १८८८ साली रू आणि येर्सिन यांनी दाखवले की, जंतू गाळून टाकलेला द्रवही प्राण्यांना मारतो. हे विष रक्तातून फिरते आणि पेशीत शिरून तिची प्रथिने घडवण्याची क्रियाच थांबवते.

१८९० साली बेरिंग आणि कितासातो यांनी प्रतिविषाचे तत्त्व मांडले. पुढे ते घोड्यांच्या रक्तद्रवातून मिळवले जाऊ लागले. त्याच तत्त्वावर काल्मेतने सर्पदंशावरचे औषध सिद्ध केले. महाराष्ट्रात हाफकिनच्या नावाने ओळखले जाणारे सर्पदंशाचे औषधही घोड्यांच्या रक्तातूनच येते. घटसर्प आणि सर्प यांचे नाते असे उपचारातही जुळले.

पेशीत शिरलेले विष प्रतिविषाच्या हाती लागत नाही. म्हणून दाट संशय येताच, प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता, ते द्यावे लागते. पेनिसिलिन किंवा एरिथ्रोमायसिन जंतू मारते, सुटलेले विष नाही. खरे संरक्षण लसीचेच : सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात, मग बालपणीच्या दोन पूरक मात्रा आणि शेवटी दहाव्या व सोळाव्या वर्षी.

शहरातल्या मुलांना हा शब्द परका वाटला, हे या लसीचेच यश आहे. शब्द कोशात गेला तरी आम्हांला खंत नाही. त्याच्यासोबत लसीची आठवण मात्र जाऊ नये.