वयात येण्याचे शास्त्र : प्रवेशापूर्वी

बडोद्यातल्या मराठी वाचकाला हा विषय परका नाही. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९०४ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा केला आणि लग्नासाठी मुलीचे किमान वय १२ व मुलाचे १६ ठरवले. ब्रिटिश हिंदुस्थानात असा कायदा यायला १९२९ उजाडले. बारा हा आकडा आज फारच तोकडा वाटतो. तरीही मुलीच्या वयाचा प्रश्न नुसत्या रूढीवर न सोडण्याचे धाडस आपल्या संस्थानाने पाव शतक आधी दाखवले, याचा अभिमान वाटतो.

मुलगी वयात येते तेव्हा तिच्या शरीरात नेमके काय घडते, हे त्या काळी जगात कोणालाच नीट ठाऊक नव्हते. रक्तातून निरोप नेणाऱ्या द्रव्यांना अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी ‘हॉर्मोन’ (मराठीत संप्रेरक) म्हटले ते १९०५ मध्ये. इस्ट्रोजेन गटातले पहिले द्रव्य शुद्ध रूपात हाती आले १९२९ मध्ये, तर प्रोजेस्टेरॉन १९३४ मध्ये. त्याच सुमारास र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून लैंगिक ज्ञान मराठीत उघडपणे मांडत होते आणि त्यापायी खटले सोसत होते.

वाचकांनी संप्रेरकांच्या नावांची यादी पाठ करण्यापासून सुरुवात करू नये. आधी या शास्त्राचा ठेका ओळखावा. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस एक छोटे संप्रेरक सोडतो. त्याच्या हुकमाने पियूषिका ग्रंथी जागी होते आणि ती अंडाशयाला कामाला लावते. अमेरिकेत अर्नस्ट नोबिल आणि सहकाऱ्यांनी माकडिणींवर केलेला प्रयोग इथे मुद्दाम सांगावासा वाटतो. हायपोथॅलॅमसचे हे संप्रेरक सलग टोचत राहिले, तर पियूषिका गप्प बसे. तेच तासातून एकदा, थोडे थोडे दिले की ती पुन्हा काम करू लागे. पुढे वयात न आलेल्या माकडिणींना याच तालात ते दिले, तेव्हा त्यांची चक्रे सुरू झाली. देणे थांबवताच त्या पुन्हा बालपणीच्या स्थितीत गेल्या. म्हणजे अंडाशय आधीपासून तयार असतो, वाट असते ती मेंदूच्या इशाऱ्याची. माणसात हे ठोके आधी रात्री, झोपेत वाढतात. आईबापांना काही दिसण्यापूर्वीच हा बदल सुरू झालेला असतो.

तो इशारा केव्हा मिळतो, यात अन्नाचाही वाटा आहे. शरीरातील चरबीचा साठा लेप्टिन या संप्रेरकाद्वारे मेंदूला कळतो. कुपोषित मुलीची पाळी म्हणूनच लांबते. आपल्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, पहिल्या कुलगुरू हंसा मेहता यांच्या काळात, गृहविज्ञानाची विद्याशाखा निघाली आणि आहार व बालविकास हे अभ्यासाचे विषय झाले. वयात येण्याच्या शास्त्राला या अभ्यासाचीही तितकीच गरज आहे.

पाळीचे चक्र वाचताना एका वळणावर तुम्ही जरा थांबावे. अंडाशयात अंडे धरणारी पुटिका वाढत असते तेव्हा तिच्यातले इस्ट्रोजेन बहुतेक काळ पियूषिकेला आवरून धरते. मात्र ते सुमारे दोन दिवस चढे राहिले की तेच इस्ट्रोजेन तिला उसळी घ्यायला लावते, आणि साधारण दीड दिवसात अंडे बाहेर पडते. एकच द्रव्य आधी लगाम आणि मग टाच! पुटिकेचा मागे उरलेला पीतपिंड सुमारे दोन आठवडे प्रोजेस्टेरॉन पुरवतो. गर्भ राहिला नाही, तर हा पिंड सुकतो आणि पाळी येते.

पाळी सुरू झाल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांत मुलींमध्ये हे उलटे वळण पक्के बसलेले नसते. अंडे न सुटताच पाळी येते, कधी लवकर तर कधी उशिरा, त्यामुळे घरातल्या बायका घाबरतात. त्या वयात पहिल्या दिवसापासून पुढच्या पहिल्या दिवसापर्यंत २१ ते ४५ दिवसांचे अंतर सहसा चालण्यासारखे असते. सलग तीन महिने पाळी आली नाही, रक्तस्राव फार झाला किंवा वेदनेने शाळा बुडू लागली, तर मात्र डॉक्टरांकडे जावे. पहिल्या वाचनात रसायनांच्या रचना सोडून दिल्या तरी चालतील. चक्राची आकृती मात्र स्वतःच्या हाताने काढावी, आणि मुलगी घरात असेल तर तिलाही शेजारी बसवावे.