बिअरसाठीच्या यीस्ट वाणांची तुलना व पर्याय

बिअरसाठीच्या यीस्ट वाणांची तुलना म्हणजे बिअर आंबवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या यीस्टच्या निरनिराळ्या वाणांचे गुणधर्म ताडून पाहणे आणि एखादा वाण उपलब्ध नसल्यास त्याऐवजी कोणता वापरता येईल हे ठरवणे होय. माल्ट, हॉप आणि पाणी तेच ठेवून केवळ यीस्ट बदलले, तरी बिअरची चव, मद्यार्काचे प्रमाण, गढूळपणा आणि बाटलीत तयार होणारा दाब हे सर्व बदलू शकते. त्यामुळे पाकिटावरील बिअरच्या प्रकाराचे नाव जुळणे हा पर्याय निवडण्याचा पुरेसा आधार नाही. नवी मुंबईसारख्या उष्ण व दमट हवेच्या शहरात वाणाला मानवणारे तापमान हा निकष विशेष महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

बिअरसाठी मुख्यतः दोन जातींचे यीस्ट वापरतात. एल प्रकारच्या बिअरसाठी सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी ही जाती वापरली जाते; ती साधारणतः १५ ते २४ अंश सेल्सिअस तापमानाला काम करते. पावासाठी वापरले जाणारे यीस्टही याच जातीचे असते. लागर प्रकारच्या बिअरसाठी सॅकॅरोमायसिस पास्टोरियानस ही जाती वापरतात. तिचे किण्वन पारंपरिक पद्धतीत ७ ते १५ अंशांना होते. ही दुसरी जाती संकरित आहे. तिचा एक जनक सेरेव्हिसी असून दुसरा जनक, सॅकॅरोमायसिस युबायानस, दक्षिण अमेरिकेतील पॅटागोनियाच्या जंगलात सापडल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

एकाच पेशीपासून शुद्ध वाण वाढवण्याची पद्धत एमिल ख्रिश्चन हान्सेन याने १८८३ मध्ये कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत बिअरसाठी वापरात आणली. तोपर्यंत मागील घाणीतील मिश्र यीस्ट पुढील घाणीत घातले जात असे. शुद्ध वाण मिळू लागल्यानंतरच एका वाणाची दुसऱ्याशी काटेकोर तुलना शक्य झाली. असे वाण क्रमांक देऊन जपणाऱ्या संस्थांपैकी एक महाराष्ट्रात आहे. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह असून त्यात यीस्टचेही वाण ठेवलेले आहेत.

तुलनेचे निकष

अॅटेन्युएशन : माल्टच्या गोड काढ्यातील, म्हणजेच वर्टमधील, साखरेचा किती भाग यीस्ट संपवते त्याचे हे प्रमाण होय. वर्टमध्ये माल्टोज ही साखर सर्वाधिक असते. तिच्या खालोखाल माल्टोट्रायोज महत्त्वाची असते. माल्टोट्रायोज पचवण्याची क्षमता वाणागणिक वेगळी असते. वाईनच्या यीस्टचे अनेक वाण ती नीट पचवू शकत नाहीत, म्हणून ते बिअरमध्ये वापरल्यास बिअर गोडसर राहते.

फ्लॉक्युलेशन : किण्वन संपत आल्यावर यीस्टच्या पेशी एकमेकींना चिकटून तळाशी बसतात. हा गुण अधिक असल्यास बिअर लवकर निवळते. मात्र पेशी फार लवकर बसल्यास किण्वन अर्धवट राहण्याचा संभव असतो.

तापमानाची कक्षा : कक्षेपेक्षा अधिक तापमानाला फ्यूजेल अल्कोहोल व एस्टर वाढतात आणि बिअरला उग्र वास येतो. कमी तापमानाला किण्वन मंदावते किंवा थांबते.

चव व गंध : काही वाण ४-व्हिनाइल ग्वायाकॉल हे संयुग तयार करतात, त्याचा गंध लवंगेसारखा असतो. आयसोअमाइल अॅसिटेट या एस्टरमुळे केळ्याचा गंध येतो. डायअॅसिटिलमुळे लोण्यासारखा वास येतो व बहुतेक बिअरमध्ये तो दोष मानला जातो. यीस्टच्या १५७ वाणांच्या जनुकसंचाचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बिअरच्या अनेक वाणांनी लवंगेचा गंध निर्माण करण्याची क्षमता मानवी निवडीमुळे गमावल्याचे त्यातून दिसून आले. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरच्या वाणांत ती मुद्दाम टिकवलेली आहे.

मद्यार्क-सहनशीलता : विशिष्ट प्रमाणापलीकडे मद्यार्क वाढल्यास यीस्टची वाढ खुंटते. तीव्र बिअरसाठी पर्याय निवडताना हा निकष पाहावा लागतो.

अॅटेन्युएशनचा परिणाम

वर्टचे आरंभीचे विशिष्ट गुरुत्व १.०५० असल्यास तीन वाणांतील फरक पुढीलप्रमाणे पडतो. मद्यार्काचे आकारमानी प्रमाण काढण्यासाठी आरंभीच्या व अखेरच्या विशिष्ट गुरुत्वातील फरकाला १३१.२५ ने गुणतात.

• अॅटेन्युएशन ६५ टक्के : अखेरचे गुरुत्व सुमारे १.०१७५, मद्यार्क सुमारे ४.३ टक्के
• अॅटेन्युएशन ७५ टक्के : अखेरचे गुरुत्व सुमारे १.०१२५, मद्यार्क सुमारे ४.९ टक्के
• अॅटेन्युएशन ८२ टक्के : अखेरचे गुरुत्व सुमारे १.००९, मद्यार्क सुमारे ५.४ टक्के

म्हणजे केवळ वाण बदलल्याने मद्यार्कात एक टक्क्याहून अधिक फरक पडू शकतो. जास्त अॅटेन्युएशनचा वाण वापरून मूळच्या जवळची बिअर हवी असल्यास माल्ट अधिक तापमानाच्या पाण्यात भिजवून न पचणाऱ्या शर्करांचे प्रमाण वाढवतात.

समकक्ष मानले जाणारे वाण

निरनिराळ्या कंपन्या मूळच्या एकाच वाणाची विक्री वेगवेगळ्या नावांनी करतात, असे मानले जाते. त्यातील प्रचलित गट असे :

• अमेरिकी एल : फर्मेंटिसचे यूएस-०५, वायईस्टचे १०५६ आणि व्हाइट लॅब्जचे डब्ल्यूएलपी००१. चव स्वच्छ असल्याने हॉपचा गंध पुढे येतो.
• इंग्लिश एल : फर्मेंटिसचे एस-०४ व व्हाइट लॅब्जचे डब्ल्यूएलपी००७. दोन्ही लवकर तळाशी बसतात.
• जर्मन लागर : फर्मेंटिसचे डब्ल्यू-३४/७०, वायईस्टचे २१२४ आणि व्हाइट लॅब्जचे डब्ल्यूएलपी८३०.
• जर्मन गव्हाची बिअर : वायईस्टचे ३०६८ व व्हाइट लॅब्जचे डब्ल्यूएलपी३००. फर्मेंटिसचे डब्ल्यूबी-०६ हेही गव्हाच्या बिअरसाठीच विकले जाते. परंतु त्याचे अॅटेन्युएशन बरेच अधिक असल्याने ते या दोहोंचा थेट पर्याय ठरत नाही.

मूळ एक असले तरी वर्षानुवर्षे स्वतंत्रपणे वाढवल्यामुळे अशा वाणांत लहानमोठे जनुकीय फरक पडलेले असतात. शिवाय काही यीस्ट द्रवरूपात, तर काही कोरड्या स्वरूपात मिळते. द्रव यीस्ट सतत थंड ठेवावे लागते. कोरडे यीस्ट वाहतुकीतील उष्णता तुलनेने चांगली सहन करते. पावाचे यीस्ट सहज मिळत असले, तरी ते तळाशी नीट बसत नाही व अनेकदा लवंगेसारखा गंध देते.

पर्याय घेताना यीस्टची मात्राही बदलते. कोरड्या एल यीस्टची सुचवलेली मात्रा १०० लिटरला ५० ते ८० ग्रॅम, तर लागर यीस्टची ८० ते १२० ग्रॅम असते. २० लिटर वर्टसाठी हे प्रमाण अनुक्रमे १० ते १६ ग्रॅम व १६ ते २४ ग्रॅम येते. एलऐवजी लागरचा वाण घेताना मात्रा तीच ठेवल्यास किण्वन रेंगाळते.

उष्ण हवामान आणि वाणाची निवड

नवी मुंबईत उन्हाळ्यात दिवसाचे तापमान ३० अंशांच्या वर असते. किण्वनाच्या क्रियेत उष्णता बाहेर पडत असल्याने भांड्यातील द्रवाचे तापमान खोलीपेक्षा काही अंशांनी अधिक राहते. त्यामुळे शीतकरणाशिवाय बहुतेक एल वाणांची कक्षा ओलांडली जाते आणि लागरच्या वाणांची तर ओलांडली जातेच. तळोजा औद्योगिक वसाहतीत बिअरचा मोठा कारखाना आहे. अशा कारखान्यांत किण्वनाच्या टाक्यांचे तापमान यंत्राने राखले जाते, म्हणून बाहेरील हवामानाचा वाणाच्या निवडीवर परिणाम होत नाही.

उष्णता सहन करणाऱ्या वाणांत नॉर्वेतील शेतघरांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेले क्वाइक हे यीस्ट उल्लेखनीय आहे. त्याचे काही वाण ३५ ते ४० अंशांनाही उग्र वास न येता जलद किण्वन करतात. मात्र त्यांच्यापासून अनेकदा संत्र्यासारखा फळांचा गंध येतो. त्यामुळे तापमानाच्या दृष्टीने क्वाइक योग्य असले, तरी लागरच्या चवीचा तो हुबेहूब पर्याय ठरत नाही.

सुरक्षितता

सेरेव्हिसीच्या डायास्टॅटिकस या उपप्रकारातील वाणांत एसटीए१ हे जनुक असते. त्यामुळे इतर वाणांना न पचणाऱ्या डेक्स्ट्रिनांचेही ते साखरेत रूपांतर करून किण्वन चालू ठेवू शकतात. बेल सेझॉन, बीई-१३४ व डब्ल्यूबी-०६ ही त्याची उदाहरणे होत. किण्वन संपले असे समजून बिअर बाटलीत भरली आणि नंतर विशिष्ट गुरुत्व केवळ ०.००४ ने उतरले, तरी बिअरच्या आकारमानाच्या सुमारे दुप्पट कार्बन डायऑक्साइड वायू जास्तीचा तयार होतो. अशा दाबाने काचेची बाटली फुटून गंभीर इजा होऊ शकते. म्हणून हायड्रोमीटरचे वाचन काही दिवसांच्या अंतराने घेऊन ते स्थिर असल्याची खात्री करतात. एकदा असे यीस्ट वापरल्यावर नळ्या व भांडी कसून निर्जंतुक केली जातात, अन्यथा पुढील घाणीतही ते शिरते.

कायदेशीर स्थिती

महाराष्ट्रात मद्यनिर्मितीचे नियमन महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये होते. पूर्वी त्याचे नाव मुंबई दारूबंदी अधिनियम असे होते. अधिनियमाच्या कलम १२ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करण्यास मनाई आहे. स्वतःच्या वापरासाठी घरी बनवलेल्या बिअरलाही ही मनाई लागू होते. परवाने देण्याचे काम राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे आहे. यीस्टच्या वाणांची प्रत्यक्ष तुलना त्यामुळे परवानाधारक कारखाने, सूक्ष्म-मद्यनिर्मिती केंद्रे आणि संशोधन संस्था यांच्यापुरती मर्यादित राहते. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेले डूलाली हे राज्यातील सुरुवातीच्या सूक्ष्म-मद्यनिर्मिती केंद्रांपैकी एक होय. ज्या देशांत घरगुती बिअरनिर्मितीला मुभा आहे, तेथे वरील निकष घरगुती पातळीवरही वापरले जातात.