इंग्रजी देवळातली माउली

पुण्याचे ‘पंचहौद’ म्हटले की मराठी वाचकाला आठवतो तो चहा. 1890 मध्ये टिळक, रानडे आदी मंडळी तेथील मिशनमध्ये व्याख्यानाला गेली, पुढ्यात चहाचे पेले आले, आणि त्या पेल्यांवरून पुण्यात केवढे ग्रामण्य माजले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तीच कथा पुन्हा सांगून दिवाळीच्या फराळाची चव बिघडवण्याचा आमचा विचार नाही. आम्हांला सांगायचे आहे ते त्याच मिशनातल्या काही स्त्रियांविषयी, किंवा खरे म्हणजे त्यांच्या नावाविषयी.

1877 साली इंग्लंडमधील वाँटेज या गावाहून काही भगिनी पुण्यास आल्या. त्यांच्या संघाचे नाव ‘कुमारी संत मरियेचा संघ’. यात नवल ते काय, असे वाचक म्हणतील. मरियेचे नाव घेणाऱ्या जोगिणी आपण वांद्र्यास आणि गोव्यास पाहतोच. नवल असे की या भगिनी रोमन कॅथलिक नव्हत्या. पोपची सत्ता झुगारून देणाऱ्या अँग्लिकन पंथाच्या त्या लेकी. ज्या इंग्लंडने एके काळी मरियेची मूर्ती जाळली, त्याच इंग्लंडच्या चर्चमधील स्त्रियांनी तिचे नाव कपाळी लावून समुद्र ओलांडावा, हे घडले कसे?

त्यासाठी थोडे मागे जायला हवे. इंग्लंडच्या पूर्वेस नॉरफक परगण्यात वॉल्सिंगहॅम नावाचे लहानसे गाव आहे. तेथील रिचेल्डिस नावाच्या एका बाईला मरियेचा दृष्टांत झाला आणि तिने नाझरेथमधील मरियेच्या घराची प्रतिकृती उभारली, अशी आख्यायिका आहे. परंपरा 1061 हे साल सांगते. अभ्यासक ते बाराव्या शतकाकडे ओढतात. साल कोणतेही असो, पुढे शतकानुशतके राजापासून रंकापर्यंत सारे तेथे यात्रेला जात. 1511 च्या आरंभी आठव्या हेन्रीला मुलगा झाला, तेव्हा राजा स्वतः या मातेच्या दर्शनास गेला. शेवटची वाट त्याने अनवाणी तुडवली असे सांगतात. ते बाळ दोन महिनेही जगले नाही.

पुढे त्याच हेन्रीने कॅथरीन राणीचा त्याग केला, रोमशी नाते तोडले आणि मठांवर हात घातला. टाकलेल्या राणीने मृत्युपत्रात लिहून ठेवले की, आपल्यासाठी कोणीतरी वॉल्सिंगहॅमच्या मातेची यात्रा करावी आणि वाटेने दानधर्म करावा. 1536 मध्ये ती वारली. 1538 मध्ये वॉल्सिंगहॅमचा मठ बंद झाला, मूर्ती लंडनला नेऊन चेल्सी येथे जाळण्यात आली. ज्या मातेपुढे राजाने गुडघे टेकले, तिला राजाज्ञेनेच अग्नी मिळाला.

मूर्ती जाळता आली. गाणे मात्र जाळता आले नाही. 1549 मध्ये आर्चबिशप क्रॅन्मरने इंग्रजी भाषेतले प्रार्थनापुस्तक सिद्ध केले. मठातल्या अनेक प्रार्थना आटवून त्याने सकाळची आणि सायंकाळची अशा दोन नित्यप्रार्थना ठेवल्या, आणि सायंप्रार्थनेत मरियेचे गीत कायम राखले. देवदूताचा निरोप मिळाल्यावर ती आपल्या नातलग एलिझाबेथकडे जाते आणि तेथे हे गीत गाते, असे लूकच्या शुभवर्तमानात आहे. देव बलवानांना आसनावरून खाली ओढतो, दीनांना उचलतो, भुकेल्यांना तृप्त करतो आणि धनवंतांना रित्या हाती लावून देतो, असा त्या गीताचा आशय. खेड्यातल्या एका पोरीचे हे बोल इंग्लंडच्या राजघराण्यापुढे आणि जमीनदारांपुढे रोज सांजवेळी गायिले जाऊ लागले, ते आजतागायत.

बाकी बाबतींत मात्र कात्री चालली. 1549 च्या पुस्तकात मरियेचे नाव घेऊन देवाचे आभार मानले होते. 1552 च्या पुस्तकातून ते वाक्य गेले. संतांना हाक मारणे ही पोकळ कल्पना आहे, असे पंथाच्या एकोणचाळीस कलमांपैकी बाविसाव्या कलमात लिहिले गेले. तात्पर्य, तिचे गाणे गावे, पण तिला साद घालू नये! तिच्याबरोबर प्रार्थना करायची, तिच्याकडे नाही. सारा वाद या एका शब्दयोगी अव्ययाचा आहे म्हटले तरी चालेल.

तरीही पंचांगातून तिला पुरते घालवता आले नाही. देवदूताने निरोप दिला तो 25 मार्च हा दिवस इंग्रजांचा वर्षारंभ होता. त्या दिवशी कुळे खंड भरीत, करारमदार होत. 1752 मध्ये पंचांग सुधारताना अकरा दिवस गाळले गेले, त्या हिशेबाने ही तारीख एप्रिलात सरकली. ब्रिटनचे करवर्ष 6 एप्रिलला सुरू होते त्याच्या मुळाशी हा मरियेचा दिवस आहे. मूर्ती मोडणाऱ्यांच्या वारसांनाही कर भरताना तिचाच दिवस धरावा लागतो, ही मौज नव्हे काय?

या प्रेमाची आणि धाकाची सारी कहाणी ऑक्सफर्डच्या एका देवळाच्या दारात वाचता येते. कुमारी मरियेच्या नावाचे हे विद्यापीठाचे देऊळ. 1637 मध्ये त्याला नवे द्वारमंडप लाभले आणि वर मरिया व बाळ यांची मूर्ती बसली. यादवी युद्धात शिपायांनी तिच्यावर गोळ्या झाडल्या. आर्चबिशप लॉडवर खटला झाला तेव्हा त्याच्याविरुद्ध या मूर्तीचाही दाखला काढण्यात आला. 1645 मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. त्याच देवळात 14 जुलै 1833 रोजी जॉन कीबलने एक प्रवचन दिले आणि त्यातून जुन्या भक्तिपरंपरेकडे वळणारी ऑक्सफर्ड चळवळ उभी राहिली. पण कीबलसारख्या माणसालाही जपून चालावे लागले. 1844 मध्ये त्याने मरियेवर कविता लिहिली, तेव्हा स्नेह्यांनी ती छापू नये म्हणून त्याचे मन वळवले. 1846 च्या त्याच्या संग्रहात ती आली नाही.

अशा वातावरणात 1848 मध्ये वाँटेजचे धर्मोपदेशक विल्यम बटलर यांनी भगिनींचा संघ स्थापला, आणि तीनशे वर्षे अवघडून बसलेले नाव पुन्हा उजळ माथ्याने वावरू लागले.

वॉल्सिंगहॅमचे पुढे काय झाले? 1921 मध्ये आल्फ्रेड होप पॅटन हे तेथे धर्मगुरू म्हणून आले. जुन्या मठाच्या मुद्रेवर मातेची आकृती होती, तिच्यावरून त्यांनी नवी मूर्ती घडवून घेतली आणि 1922 मध्ये गावच्या देवळात बसवली. बिशपांनी ती हलवण्यास सांगितले. पॅटन यांनी आज्ञा मानली, पण वेगळ्या जागेवर नवे ‘पवित्र घर’ बांधून 1931 मध्ये मूर्ती तेथे नेली. आज तेथे अँग्लिकन आणि कॅथलिक अशी दोन्ही स्थाने आहेत, आणि यात्रा भरते. वाद मात्र मिटलेला नाही. 1950 मध्ये पोपने मरियेच्या सदेह स्वर्गारोहणाचा सिद्धान्त जाहीर केला तेव्हा कँटरबरी व यॉर्क येथील आर्चबिशपांनी खेद व्यक्त केला. 2005 मध्ये दोन्ही पंथांच्या संयुक्त आयोगाने मरियेवर एक निवेदन काढून पुष्कळसे अंतर कमी केले, तरी सारे नव्हे.

आता पुन्हा आपल्या घरी येऊ. पुण्यात या भगिनींचा परिचय झालेली एक मराठी विधवा 1883 मध्ये वाँटेजला गेली, आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबरला मुलीसह तिने बाप्तिस्मा घेतला. ती पंडिता रमाबाई. संघाने तिला मायेने ठेवून घेतले, पण त्यांचे सगळे मत तिने मुकाट मान्य केले नाही. गुरुस्थानी असलेल्या जेराल्डीन भगिनीशी तिने पत्रांतून रोखठोक वाद घातले. शास्त्र स्वतः वाचून ठरवीन, हा तिचा बाणा. त्याच बाण्याने आयुष्याच्या उत्तरार्धात केडगावी मूळ भाषा अभ्यासून तिने अवघे बायबल मराठीत आणले.

त्यात लूकचे शुभवर्तमान आले, आणि त्यात ते गाणेही. चेल्सीच्या आगीला जे सापडले नाही, ते केडगावच्या अनाथ आणि टाकलेल्या मुलींच्या हाती त्यांच्या भाषेत पडले. भुकेल्यांना तृप्त करणाऱ्या देवाविषयीचे ते शब्द दुष्काळातून उचलून आणलेल्या त्या पोरींना कसे वाटले असतील, हे पंडितांच्या वादात कोठे लिहिलेले नाही. यंदा दिवा लावताना तो विचार मनात आला, तो वाचकांपुढे ठेवला.