खिडकीचित्र

मराठी दिवाळी अंकांतील व्यंगचित्राचा एक प्रकार. मधुकर पाटकर यांनी १९५१ मध्ये सुरू केलेल्या ‘आवाज’ या विनोदी वार्षिकामुळे तो महाराष्ट्रभर रूढ झाला. चंद्रशेखर पत्की, ज्ञानेश सोनार इत्यादींनी अशी चित्रे काढली.

रचना : वरच्या पानाला चौकोनी भोक (खिडकी) पाडलेले असते. त्यातून मागच्या पानावरील चित्राचा निवडक भाग दिसतो व वरच्या चित्राशी बेमालूम जुळतो. त्यामुळे प्रसंग बहुधा चावट वाटतो. पान उलटताच तोच भाग एखाद्या निरुपद्रवी दृश्याचा असल्याचे उघड होते.

विनोदाचे तत्त्व : वाचकाची अटकळ आणि प्रत्यक्ष चित्र यांतील विसंगतीतून हसू येते. चित्राखालील द्व्यर्थी वाक्य ही चकवणूक पक्की करते. खिडकीतून त्याचा एक अर्थ लागतो, पान उलटल्यावर दुसरा. शाब्दिक श्लेषाला येथे दृश्य श्लेषाची जोड मिळते. चावटपणा चित्रात नसून वाचकाच्या मनात होता, हे त्यातील मर्म. ‘मॅड’ या अमेरिकी मासिकात अल जॅफी यांनी १९६४ पासून काढलेली घडीचित्रे याच जातीची. तेथे पानाची घडी घातल्यावर नवे चित्र व नवा मजकूर तयार होतो.