कम्प्युटर लॉक न करता उठलात? मग समोसे तुमच्याकडून!

सहकारी कम्प्युटर लॉक न करता चहाला गेला, की त्याच्याच ईमेलवरून सगळ्यांना निरोप जातो: 'उद्या समोसे माझ्याकडून!' आयटी कंपन्यांमधली ही जुनी गंमत. कुणी वॉलपेपर बदलतं, कुणी स्क्रीन उलटी करतं. धडा एकच: उठताना विंडोज आणि एल ही बटणं एकत्र दाबा.

भंडारा जिल्ह्यातल्या आसगावसारख्या गावात तर हा धडा अधिक मोलाचा. ग्रामपंचायतीत वित्त आयोगाच्या निधीतली बिलं ई-ग्रामस्वराज पोर्टलवर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्या डिजिटल सहीने निघतात. तिथे लॉगिन उघडं राहिलं, तर प्रश्न गावाच्या पैशाचा असतो.

गंमत मात्र समोशांपुरतीच ठेवा. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा डिजिटल सही लबाडीने वापरल्यास माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६-सी नुसार ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.